गोदाकाठची जमीन आणि पाणी : परभणी जिल्ह्याच्या खोऱ्याचा अभ्यास

शेतकऱ्यास आपल्या शेताची चतुःसीमा तोंडपाठ असते. पूर्वेस कोणाचा बांध, पश्चिमेस कोणता ओढा, दक्षिणेस कोणाची गाडीवाट, हे तो विचारताक्षणी सांगतो. परंतु ते शेत ज्या खोऱ्यात वसले आहे त्या खोऱ्याची चतुःसीमा जाणणारे गृहस्थ गावात दोन-चारच आढळतात. आपल्या विहिरीचे पाणी कोठून येते, पायाखालची काळी माती कशापासून झाली, नदीतील वाळू एकदा उचलली म्हणजे पुन्हा किती दिवसांनी भरते, हे न जाणता शेती करणे म्हणजे खातेवही न उघडता सावकारी करण्यासारखे होय. महसूल खात्यात आमची नोकरी पाहणीपत्रके, सेतवार आणि गावनकाशे चाळण्यात गेली. त्या कागदांत जमिनीचा आकार लिहिलेला असतो, परंतु जमिनीचा इतिहास नसतो. तो थोडक्यात व सोप्या रीतीने सांगावा, आणि आज ह्या खोऱ्यातील ठेव्याचे काय चालले आहे याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. खोऱ्याची चतुःसीमा

परभणी जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे सव्वासहा हजार चौरस किलोमीटर असून त्यात परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १८,३६,०८६ भरली. पूर्वीचा जिल्हा ह्याहून पुष्कळ मोठा होता. १९८१ साली परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जुनी दप्तरे पाहणाराने हे ध्यानी ठेवावे. नाही तर जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना फसगत होते.

राजकीय सीमा अशा बदलतात, पण भूमीच्या सीमा बदलत नाहीत. उत्तरेस जिंतूरच्या अंगास अजिंठ्याच्या डोंगरांचा निर्मळ नावाचा फाटा आहे. दक्षिणेस गंगाखेड व पालम ह्या बाजूस बालाघाटाच्या टेकड्या आहेत. ह्या दोन भिंतींच्या मध्ये जो विस्तीर्ण, सपाट व काळा पट्टा पसरला आहे तीच आपली गंगथडी. आपल्या भागात गोदावरीस गंगा म्हणण्याचा जुना प्रघात आहे, व गंगाखेडचे नावही त्यावरूनच पडले. जिल्ह्याचा मुख्य उतार वायव्येकडून आग्नेयेकडे असून परभणी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. उतार फार मंद आहे. ह्या मंदपणातच खोऱ्याचे सुख आणि दुःख दोन्ही साठवलेली आहेत: माती वाहून येऊन येथे स्थिरावली हे सुख, आणि साचलेले पाणी लवकर हटत नाही हे दुःख.

२. नद्या

गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते व सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या जिल्ह्यात ती पाथरी तालुक्यातून शिरते आणि सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा ह्या तालुक्यांच्या काठाने वळणे घेत नांदेडकडे जाते. जिल्ह्यात येण्यापूर्वीच बीडकडील सिंदफणा तिला मंजरथ येथे मिळालेली असते.

दुसरी मोठी नदी पूर्णा. ही अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जिंतूर तालुक्यातून येते व अखेरीस पूर्णा तालुक्यात गोदावरीस मिळते. वऱ्हाडात वाहून तापीस मिळणारी पूर्णा निराळी; विद्यार्थी ह्या दोहोंचा घोटाळा नेहमी करतात. तिसरी दुधना. ही औरंगाबादेकडील (आता छत्रपती संभाजीनगर) डोंगरांतून निघून जालना, परतूर, सेलू, मानवत व परभणी ह्या मुलखातून वाहत येऊन पूर्णेस मिळते. करपरा, मासोळी, गळाटी इत्यादी लहान नद्या पावसाळ्यात उधाणतात व माघ-फाल्गुनात कोरड्या पडतात.

नद्यांच्या काठाने माणसे वसली आणि माणसांच्या मागोमाग व्यापार आला. इसवी सन १९०० च्या सुमारास मनमाडाहून सिकंदराबादेकडे जो लोहमार्ग निजामाच्या राज्यातून निघाला, त्याचे नावच मुळी ‘गोदावरी व्हॅली रेल्वे’, म्हणजे गोदावरी खोऱ्याची रेल्वे असे होते. सेलू, मानवत, परभणी येथील कापसाच्या पेठा त्या मार्गामुळे भरभराटीस आल्या.

३. खडक व त्याच्या पोटातील पाणी

आपल्या खोऱ्याखालील खडक हा ज्वालामुखीच्या रसाचा झालेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीस भेगा पडून तप्त शिलारस वेळोवेळी बाहेर आला व थरावर थर पसरून थिजला. विहीर खणताना हे थर आपण डोळ्यांनी पाहतो: वर काळी माती, मग पांढरट चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, मग घणासही दाद न देणारा काळा पाषाण. दोन थरांच्या मधोमध कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टाही लागतो.

आता ध्यानात घेण्याचा मुद्दा असा की, पाणी काळ्या पाषाणात राहत नाही. ते मुरुमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या फटींत राहते, आणि तेही फार थोडे. शंभर भाग मुरूम-मांजऱ्या घेतला तर त्यातून सुटून विहिरीस मिळणारे पाणी साधारणतः दोन-तीन भागच असते. उत्तर हिंदुस्थानात गंगा-यमुनेच्या मैदानात शेकडो मीटर खोल गाळाचे थर आहेत. तेथे नळविहीर खोल नेली तर अधिक पाणी लागण्याचा संभव असतो. आपल्याकडे खोल गेल्याने नवे पाणी उत्पन्न होत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीत उतरणारे पाणीच बहुधा खालच्या फटीने आपल्याकडे ओढले जाते.

हे ठाऊक नसल्यामुळे केवढी हानी झाली! एका गावी आम्ही पाहिले की, एका शिवारात पंधरा-वीस वर्षांच्या आत कूपनलिकांची संख्या विहिरींच्या दुपटीवर गेली. पण बागायत क्षेत्र पाहणीपत्रकात जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. खर्च प्रत्येकाचा वाढला, कर्ज प्रत्येकावर चढले, आणि पाणी मात्र तेवढेच. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ह्यात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत ते ह्याच कारणास्तव. कायदा कागदावर आहे. तो पाळणे गावाच्या हाती आहे.

४. माती

हाच काळा खडक ऊन, पाऊस व थंडी यांनी लक्षावधी वर्षे झिजून आपली काळी जमीन झाली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व वाळल्यावर आकसतात; म्हणूनच उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ह्या भेगांतून वरची माती खाली पडते व खालची वर येते, म्हणजे जमीन आपली आपण नांगरली जाते असे म्हणण्यास हरकत नाही. चुन्याचे प्रमाण अधिक असल्याने आपली जमीन अल्कधर्मी असते व तीत लोह आणि जस्त पिकास सहज मिळत नाही. पाने पिवळी पडली की लगेच युरियाची गोणी फोडणाराने आधी माती तपासून घ्यावी.

काळ्या जमिनीचा सर्वांत मोठा गुण तिची ओल धरण्याची शक्ति. एक मीटर खोल भारी जमिनीत पिकास उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी साठते. एका एकरात ते आठ लाख लिटर होते. एवढे पाणी कोणतेही तळे न खणता, विजेचा आकडा न टाकता, बाष्पीभवनाची फारशी भीती न बाळगता जमीन आपल्या पोटात ठेवते. रब्बीची ज्वारी, हरभरा व करडई ही पिके एक पाणी न देता ज्या बळावर येतात ते बळ हेच.

आमच्या जुन्या मोजणी खात्याने हा गुण पुरता ओळखला होता. विंगेट व गोल्डस्मिड यांनी मुंबई इलाख्यात जी प्रतबंदीची पद्धत बसविली, तिच्यात मातीची खोली हातांनी मोजून प्रत ठरवीत. पावणेदोन हात खोल काळी माती ही पहिल्या प्रतीची. मग चुनखड, वाळू, उतार, पाण्याने धुपण्याची भीती, पाणी साचण्याची खोड, असे दोष पाहून प्रत खाली आणीत. निजामाच्या राज्यातही पुढे ह्याच धर्तीवर मोजणी झाली. त्या काळच्या प्रती आज प्रत्यक्ष शेतात जाऊन ताडून पाहाव्यात. कित्येक उताराच्या गटांत कागदावर उत्तम प्रत आहे आणि नांगराच्या फाळास मुरूम लागतो. आकार तोच राहिला, माती गेली.

किती गेली याचा हिशेब सोपा आहे. एक इंच माती वाहून गेली म्हणजे एका एकराची सुमारे वीस हजार लिटर पाणी धरण्याची शक्ति कायमची गेली. एक फूट गेली तर अडीच लाख लिटरांच्या आसपास. खत विकत आणता येते. माती विकत आणून पाच एकरांवर पसरणारा शेतकरी आम्ही अद्याप पाहिला नाही.

५. पाऊस

जिल्ह्यात पाऊस सरासरीने आठशे ते साडेनऊशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो, व त्यातील चार पंचमांशाहून अधिक आषाढ-श्रावणादि चार महिन्यांतच पडून जातो. आठशे मिलिमीटर धरले तरी एका एकरावर बत्तीस लाख लिटर पाणी येते, म्हणजे दहा हजार लिटरांचे सव्वातीनशे टँकर. तेव्हा आपला प्रश्न पाऊस नाही हा नसून पडलेला पाऊस राहत नाही हा आहे.

सरासरी हा शब्दही फसवा आहे. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२ पासून २०१६ पर्यंतची वर्षे तरुणांच्याही स्मरणात आहेत. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टि होऊन गोदावरीस महापूर आला व काठची उभी सोयाबीन-कापसाची पिके पाण्याखाली गेली. एकाच शेतकऱ्यास दहा-बारा वर्षांच्या आत दोन्ही संकटे भोगावी लागतात. म्हणून ज्या उपायाने ओल मुरते आणि त्याच वेळी जादा पाणी निघून जाते तोच उपाय आपल्या खोऱ्यास योग्य. परभणीच्या कृषि विद्यापीठाने रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पुरस्कार केला आहे तो ह्याच दृष्टीने: वरंब्यावर पीक, सरीत पाणी, पाऊस कमी झाला तर सरी ओल धरते, जास्त झाला तर निचरा करते. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले व २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव त्यास दिले आहे. रब्बीसाठी ‘परभणी मोती’ व ‘परभणी ज्योती’ ह्या ज्वारीच्या जाती तेथीलच होत.

६. धरणे व कालवे

स्वातंत्र्यानंतर ह्या खोऱ्यात मोठी कामे झाली. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी व तिच्या खाली सिद्धेश्वर ही धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉट विजेचे केंद्र आहे. गोदावरीवर पैठण येथे जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बसविली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, उपयुक्त साठा २,१७१. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो पाथरी-परभणीच्या मुलखापर्यंत येतो. सिंदफणेवरील माजलगाव धरण हा त्याच योजनेचा दुसरा टप्पा. दुधनेवर सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडी येथे निम्न दुधना प्रकल्प झाला, आणि गोदावरीच्या पात्रात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे बांधले गेले.

परंतु आपण डाव्या कालव्याच्या शेपटाकडील लोक आहो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पैठणच्या वर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत अनेक धरणे आहेत. तुटीच्या वर्षी जायकवाडीत काय येते हे वरच्यांवर आणि शेपटास काय पोहोचते हे मधल्यांवर अवलंबून राहते. २००५ साली जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य झाले, व पुढे २०१४ साली प्राधिकरणाने त्या तत्त्वानुसार जायकवाडीसाठी आदेशही दिला. त्याच २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा दुसरा कायदा झाला. जेथे पाणीवापर संस्था नावापुरती आहे तेथे शेपटाचा शेतकरी एकटाच चारीवर उभा राहतो. जेथे ती खरी आहे तेथे मोजून पाणी मागता येते. वरच्यांकडे न्याय मागणाराने आपल्या चारीवर आधी तो द्यावा, हे सांगणे नको.

ह्याच ठिकाणी उसाचा हिशेब करू. मोकळ्या पाण्यावर उसास दोन हजार मिलिमीटर व त्याहूनही अधिक पाणी लागते. आपल्याकडे आठशे मिलिमीटर पाऊस धरला तर एक एकर उसास अडीच एकरांवरचा सगळा पाऊस लागला. ठिबकावर ही गरज पुष्कळ कमी होते. ऊस लावू नये असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्याच्या दीड एकराचे पाणी आपण घेत आहो हे मनात ठेवून लावावा, आणि ठिबकाविना लावू नये.

७. चिभड व चोपण

पाणी मिळाले म्हणजे कल्याण झाले असेही नाही. भारी जमिनीस सतत पाणी मिळून निचरा नसेल तर पाण्याची पातळी वर चढते, खालचे क्षार वर येतात, जमीन प्रथम चिभड व मग चोपण होते. पुणे जिल्ह्याकडे नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पाव शतकाच्या आतच तेथील खारवट जमिनींचा प्रश्न एवढा वाढला की, पुण्याच्या कृषि महाविद्यालयातील डॉ. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांनी १९१० साली त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. तो धडा शंभर वर्षांहून जुना आहे. तरी आपल्या कालव्याखाली पांढऱ्या पडलेल्या जमिनी दिसतातच. ओल्या चऱ्या खणणे, नाले मोकळे ठेवणे, ताग-धैंचा गाडणे आणि पाणी मोजून देणे, हेच त्यावरचे उपाय. चोपण जमिनीस माती तपासून मगच जिप्सम घालावा.

८. मळई व वाळू

पूर ओसरल्यावर काठावर जो गाळ राहतो तीस मळई म्हणतात. मळईवर खताविना पीक येते. मिसर देशाची सारी शेती हजारो वर्षे नाईल नदीच्या अशाच गाळावर चालली. १९७० साली आस्वानचे मोठे धरण पुरे झाले, गाळ धरणात अडला, आणि खाली रासायनिक खत घालणे भाग पडले. आपल्याकडेही धरणांत अडकलेला गाळ खाली येत नाही. म्हणून तलावातील गाळ काढून हलक्या जमिनीत नेऊन टाकणे हे नदीचे राहिलेले काम आपण पुरे करणेच होय. ज्यांची जमीन नदीने तोडून नेली असेल त्यांनी तलाठ्याकडे लेखी कळवून पंचनामा व मोजणी करून घ्यावी. तोंडी सांगितलेले दप्तरात चढत नाही.

आता वाळूविषयी. आपल्या काळ्या खडकापासून मुख्यत्वे चिकणमाती होते. वाळू फार थोडी व फार सावकाश होते. त्यातून वरच्या धरणांनी तिची वाट अडविली. तेव्हा गोदावरीच्या पात्रात आज जी वाळू आहे ती पूर्वजांनी ठेवलेल्या पुरचुंडीप्रमाणे समजावी. वाळूचा थर पावसाळ्यात पाणी शोषून घेतो व उन्हाळ्यात ते काठच्या विहिरींस हळूहळू देतो. थर गेला म्हणजे पात्र खोल जाते आणि विहिरीतील पाणी उलट नदीकडे झिरपू लागते. शिवाय उघडा पडलेला काठ पुरात ढासळतो. विनापरवाना गौण खनिज काढणे हा जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंडास पात्र अपराध आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की, रात्री गाडी भरणारा बहुधा परगावचा असतो, परंतु त्यास पात्रात उतरण्यास वाट देणारा शेतकरी गावचाच असतो. त्याला चार दिवसांचे पैसे मिळतात आणि त्याच्यासह दहा जणांच्या विहिरी बसतात.

९. काय करावे

जालना जिल्ह्यातील कडवंची गाव आपल्यापासून दूर नाही, व पाऊस तेथे आपल्याहून कमीच. १९९६ पासून तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती व नालाकामे झाली, पुढे शेततळी झाली, आणि पुढील दुष्काळांतही तेथील द्राक्षबागा तगल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतो व त्याप्रमाणे पिके ठरवितो. ह्या दोन्ही गावांनी नवे पाणी उत्पन्न केले नाही. होते ते मोजले व अडविले. सबब आमच्या वाचकांस पुढील गोष्टी सुचवितो.

(१) प्रत्येक गावाने पर्जन्यमापक ठेवावा, आणि मार्गशीर्षात व वैशाखात निदान दहा विहिरींची पाणीपातळी मोजून वहीत लिहावी.
(२) बांधबंदिस्ती माथ्याकडून करीत यावे. खालचा बांध आधी घातला तर पहिल्या मोठ्या पावसात फुटतो.
(३) पेरणी उतारास आडवी करावी. बांधावर बाभूळ, कडुनिंब, करंज राखावे. आपल्या जिल्ह्यात रान थोडेच उरले आहे व तेही बहुतेक जिंतूरच्या डोंगरांत.
(४) नव्या कूपनलिकेपूर्वी जुन्या विहिरीतील गाळ काढावा व पावसाचे गाळलेले पाणी तीत सोडावे.
(५) ई-पीक पाहणीत पीक व पाण्याचे साधन खरे नोंदवावे. खोट्या नोंदीवर उद्या पाण्याचा हक्क मागता येत नाही.
(६) वाळूच्या लिलावाचा विषय ग्रामसभेपुढे येईल तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी सभेस हजर राहून आपले म्हणणे इतिवृत्तात लिहवून घ्यावे.

खोऱ्याच्या ठेव्यात मुद्दल आणि व्याज असे दोन भाग आहेत. दर मृगास येणारा पाऊस हे व्याज. माती, वाळू आणि खडकाच्या पोटातील पाणी हे मुद्दल. व्याज खुशाल खावे. मुद्दलास हात लावणाराचे घर किती दिवस टिकते, हे शेतकऱ्यास दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर आपले नाव आहे ते आपल्या हयातीपुरते. त्या नावाखाली मुलाचे नाव चढेल तेव्हा त्याच्या वाट्यास काळी जमीन यावी की उघडा मुरूम, हे ठरविणे आज आपल्या हाती आहे.